घरची व्याख्या

शमुवेलमामांसमोर अख्खा इंग्रजी शब्द उच्चारायची आमच्या खानदानात कुणाची छाती नव्हती. अख्खा म्हणजे एका दमात. मी साखर कारखान्यात टाइमकीपरच्या हाताखाली कारकून म्हणून लागलो, तेव्हा पेढे घेऊन देवळाली प्रवऱ्याला त्यांच्या घरी गेलो. सलाम केला आणि जरा ऐटीतच म्हणालो, "मामा, अपॉइंटमेंट झाली."

मामांनी पेढा हातात घेतला, पण तोंडात घातला नाही.

"तोड," म्हणाले.

मी माझ्या हातातला पेढा तोडला.

"पेढा नव्हे, गाढवा! शब्द तोड."

मग मी, सरकारमान्य मिशा फुटलेला माणूस, त्यांच्या ओसरीवर मांडी घालून बसलो आणि "अ-पॉइंट-मेंट" म्हणत प्रत्येक तुकड्याला मांडीवर चापट मारली. तशी पद्धतच होती. आत मामी खुसुखुसू हसत होत्या.

"हं. आता अर्थ."

"नेमणूक."

"हा डिक्शनरीतला झाला. तो डिक्शनरीवाल्याचा. तुझ्या घरचा सांग."

बराच वेळ डोकं खाजवून मी म्हणालो, "अपॉइंटमेंट म्हणजे... जी आईनं शेजारच्या काकूंना सांगितली की काकूंचं तोंड उतरतं, ती."

मामांनी पेढा तोंडात घातला. म्हणजे मी पास.

सगळी हयात त्यांनी आसपासच्या गावांतल्या पोरांना इंग्रजी असंच शिकवलं. "ऊस कुणी अख्खा तोंडात घालतं का रे? आधी कांडी करायची, मग सोलायची, मग चावायची. इंग्रजाचा शब्द उसाहून निबर असतो," असं म्हणत ते फळ्यावर शब्द लिहायचे आणि खडूनं त्याच्यात उभ्या रेघा ओढायचे. कांडी पाडून झाली की सोलणं. सोलणं म्हणजे घरची व्याख्या. पुस्तकातला अर्थ सांगणाऱ्याला बाकावर उभं राहावं लागे. 'नेसेसरी' म्हणजे 'आवश्यक' असं सांगणारं पोर उभं, आणि "ज्याच्यावाचून घरात भांडण हुतं ते, जसं रॉकेल" असं सांगणारं पोर खाली. 'पर्मिशन' म्हणजे काय? "जी मिळंपर्यंत यष्टी निघून जाती." 'रिलेटिव्ह'? हा शब्द माझ्या वाट्याला आला होता. मी म्हणालो, "जो आल्यावर आई चहात पाणी घालते." मामांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. माझ्या आईचे सख्खे भाऊ ते. त्या दिवशी मी व्याख्या बरोबर देऊनही बाकावर उभा राहिलो.

अंगानं मामा काडीपैलवान. काळी टोपी, कोपरावर ठिगळ लावलेला कोट आणि छातीत कायमचा दमा. बोलता बोलता श्वास तुटायचा. माझी आई म्हणायची, दादाला वाक्य पुरतं बोलता येत नाही म्हणून त्यानं शब्द तोडायचं शास्त्र काढलं. मामांसमोर मात्र हे कुणी म्हणालं नाही. रविवारी उपासनेला ते पहिल्या बाकावर बसत. पाळकसाहेबांना उपदेशात मधूनच एखादा इंग्रजी शब्द पेरायची हौस होती. शब्द आला की मामांचा हात आपोआप मांडीवर पडे: चट, चट, चट. मग बाकावरचे त्यांचे आजी-माजी विद्यार्थी चटाचट मांड्या बडवू लागत. पाळकसाहेबांनी शेवटी इंग्रजी सोडलं. मंडळी म्हणाली, तेव्हापासून उपदेश कळायला लागला.

आणि गाईड. गाईडचं नाव काढलं की मामांचा दमा उसळायचा. एकदा वर्गातल्या पोरांची गाईडं गोळा करून त्यांनी शाळेमागं तीन दगडांची चूल मांडली, पानं फाडफाडून जाळ केला आणि त्याच्यावर सगळ्या वर्गाला चहा करून पाजला. "प्या," म्हणाले, "ह्यातलं इंग्रजी आज पहिल्यांदा तुमच्या पोटात जातंय." पोरांचे बाप तक्रार घेऊन हेडमास्तरांकडे आले. हेडमास्तर मामांचेच विद्यार्थी. त्यांनी विचारलं, "चहा कसा होता?" विषय संपला.

असा हा माणूस. त्याच्या हाताखालून मामलेदार गेले, डॉक्टर गेले, एक तर थेट विलायतेला गेला. आणि त्याची स्वतःची पोरगी इंग्रजीत मॅट्रिक नापास.

शांता ही मामांची एकुलती एक. आधी कुणाला त्या नापासाचं काही वाटलं नव्हतं. अकरावीला, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला, एकदा बसली, राहिली, लग्न झालं, राहुरीच्या पलीकडं नांदायला गेली. नवरा गुणी होता. विहिरींना सुरुंग लावणाऱ्या टोळीत काम करायचा. तेव्हा पाऊस रुसलेला, जो तो आपली विहीर खोल करायच्या मागं. एकाहत्तरच्या उन्हाळ्यात एक सुरुंग उडालाच नाही. हा बघायला खाली उतरला, आणि मग तो उडाला.

सासरच्यांनी महिनाभर ठेवून घेतली आणि मग दीड वर्षाच्या रूथला कडेवर देऊन माहेरी आणून सोडली. सासरे ओसरीवर बसले, पाणी प्याले, म्हणाले, "मास्तर, आमचंच खायाचं वांधं हाय. तुमी शिकलेली मानसं, तुमी बघा कायतरी."

बघण्यासारखं एकच होतं. मिशनच्या दवाखान्यात नर्सिंगचं शिक्षण मिळे. राहणं-जेवण तिथंच, वर थोडे पैसे, पुढं नोकरी नक्की. मामा शांताला घेऊन मेट्रनबाईंना भेटून आले. बाईंनी दोन गोष्टी सांगितल्या. मॅट्रिक पास पाहिजे, इंग्रजीसकट. आणि वयाची अट आहे, त्र्याहत्तरच्या जानेवारीची भरती ही हिची शेवटची. म्हणजे शांताच्या हातात दोन परीक्षा होत्या. बाहत्तरचा मार्च, आणि तो हुकला तर ऑक्टोबर.

मामा तेव्हा रिटायर झालेले. पेन्शन बेताची, दमा वाढलेला. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "मध्या, मी आहे तोवर ह्या दोघींना भाकरी आहे. पण मी किती आहे?" मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "मामा, तुम्ही शंभर वर्षं जगाल." मामा म्हणाले, "गाढवा, असली व्याख्या मला चालत नाही हे तुला माहीत आहे."

मार्चपर्यंत त्यांनी शांताला शिकवलं ते बघण्यासारखं होतं. पोरगी मुळात हुशार. स्वयंपाक करता करता मांडीऐवजी पोळपाटावर लाटणं आपटून शब्द तोडायची. व्याख्या तर अशा द्यायची की मामी पदर तोंडाला लावत. 'डेंजरस' म्हणजे काय? "न उडालेला सुरुंग," असं तिनं एकदा पटकन सांगितलं. मामांनी तेवढ्या दिवसापुरता धडा मिटला.

मार्चमध्ये ती बसली. सगळे विषय सुटले. इंग्रजीत नापास, आणि थोडेथोडके नाही, भरपूर मार्कांनी.

मामांना विश्वासच बसेना. "हिला येतं. सगळं येतं. हिच्याएवढं मी शिकवलेल्या एकालाही येत नव्हतं," असं घरात येरझारा घालत ते म्हणत राहिले. शांता चुलीपुढं बसून मान खाली. काय झालं ते सांगायला तयार नाही. मामी म्हणाल्या, "अवो, तिला इचारून काय हुतंय? नशीब म्हना." मामा कडाडले, "नशीब हा शब्द आपल्या घरात नाही!" आणि खोकत खाली बसले.

पावसाळा आला असं कॅलेंडरानं सांगितलं, आकाशानं नाही. श्रावण कोरडा गेला. प्रवरेच्या काठचा ऊससुद्धा गुडघ्याएवढा राहून पिवळा पडला. कारखान्यात आम्ही बसून हजेऱ्या मांडत होतो, हाताला काम नव्हतं. गावातली निम्मी माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली. शांता एक दिवस बापाला म्हणाली, "दादा, मी पन जाते. रोज रुपाया-दोन रुपये तरी सुटतील." मामांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती पुन्हा बोलली नाही. पण ती बोलली होती, आणि ते मामांनी ऐकलं होतं.

त्या रविवारी मी गेलो होतो. मामांनी कुठूनसा मार्चचा इंग्रजीचा पेपर पैदा केला होता. माझं मनगटी घड्याळ काढून पाटावर ठेवलं आणि म्हणाले, "शांते, बस. परीक्षेत बसली होतीस तशी. मी बोलणार नाही."

शांता लिहायला लागली. रूथ माझ्या मांडीवर. पहिला प्रश्न झाला, दुसरा झाला. मग एक उतारा होता, कुणा वाटसरूचा. थंडीत भिजून तो एका झोपडीत येतो, असा काहीतरी. शांता वाचत वाचत एका ठिकाणी थांबली. पेन्सिलीनं शब्दावर एक बारीक रेघ मारली. आणि थांबलीच. घड्याळ चाललं होतं. ती हलेना. ओठ हलत होते. चुलीवरचं आधण उकळून आटत आलं तरी ही त्याच ओळीवर.

न बोलण्याची शपथ मामांनीच मोडली. "पुढं जा."

"व्हय दादा." पण डोळे तिथंच.

"कुठला शब्द आहे?"

"कम्-फर्ट."

"साधा शब्द आहे. चौथ्या धड्यात झालाय."

"अर्थ ठावं हाय. सांत्वन."

मामा सवयीनं बोलून गेले, "सांत्वन हा पाळकसाहेबांचा शब्द. तुझा सांग."

शांतानं मान वर केली. तेव्हा तिचे डोळे कोरडे होते, हे मला चांगलं आठवतं. "तेच सापडंना, दादा. मार्चलाबी न्हाई सापडला. समदे सांत्वनाला आले हुते, बसले, च्या पिऊन गेले. आत्यानं गळा काढला. पाळकसायबांनी शास्त्र वाचलं. पर मला झालं काय त्याचं? घरची व्याख्या कुठून आनू? ती लागल्याबिगर पुढची ओळच उमगंना. शोधत बसले तवर घंटा झाली."

रूथनं माझं बटण तोंडात घातलं.

मामा त्या कागदाकडे बघत होते. मला वाटलं, आता ते त्या शब्दाची व्याख्या देतील. आयुष्यभर हजारो शब्दांच्या दिल्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, छातीत शिटी वाजली. मग उठून कोट अंगात घातला आणि मला म्हणाले, "मध्या, उद्या रजा काढ. नगरला जायचंय."

मला वाटलं, दम्याच्या डॉक्टरकडे. एसटीतून उतरून आम्ही कापडबाजाराच्या तोंडाशी आलो आणि मामा एका पुस्तकाच्या दुकानासमोर थांबले. आत जाईनात. समोरच्या पानपट्टीवर जाऊन सुपारी घेतली, परत आले, पुन्हा थांबले. मला म्हणाले, "तू जा आत. मॅट्रिकच्या इंग्रजीचं गाईड मागून घे."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. ज्यानं गाईडांच्या जाळावर चहा केला तो हा माणूस. पण विचारायची सोय नव्हती. मी पायरी चढलो, तोच दुकानदारानं माझ्या खांद्यावरून बाहेर बघितलं आणि गल्ल्यावरून उडीच मारली.

"सर! शमुवेल सर! अहो, बाहेर का? या, या. सलाम." मामांचाच विद्यार्थी. पाया पडला. गडद निळ्या शाईच्या बाटल्या बाजूला सारून खुर्ची पुसली. "काय देऊ सर? चांगली डिक्शनरी आलीय."

मामा खुर्चीत बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. "गाईड दे," म्हणाले. आवाज असा की जणू विष मागत होते.

दुकानदाराला वाटलं, चेष्टा. हसला. मग मामांचा चेहरा बघून हसू आवरलं. "कुणासाठी, सर?"

आणि मामांनी, ज्यांनी माझ्या माहितीत एकदाही खोटं सांगितलं नव्हतं, माझ्याकडे बोट केलं. "ह्याच्यासाठी."

दुकानदारानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. माझ्या मिशा, माझं मनगटी घड्याळ, माझ्या खिशातला फाउंटनपेन. "अजून मॅट्रिकच का?" त्यानं फार प्रेमानं विचारलं.

"हो," मी म्हणालो. "इंग्रजी राहतंय."

"सुटेल, सुटेल. काही जणांना वेळ लागतो," असं म्हणून त्यानं गाईड कागदात गुंडाळून दिलं आणि पैसे घेतले नाहीत. सरांच्या भाच्याला त्याची भेट. परतीच्या एसटीत मामा खिडकीकडे तोंड करून बसले होते. राहुरी आली. मग म्हणाले, "तू चांगलं खोटं बोललास." मी म्हणालो, "मामा, मी खरं तेच बोललो. माझं इंग्रजी राहिलंच आहे." ते हसले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून त्या घरात जे सुरू झालं, ते ऐकवत नव्हतं. मांडीवरची चापट बंद. शब्द तोडणं बंद. मामा गाईडातला निबंध वाचत आणि शांता मागून म्हणे, पुन्हा, पुन्हा. बाहेर टँकरपुढं हंड्यांची रांग, बायकांची भांडणं, आणि आत शांता घोकतेय 'अ रेनी डे'.

"दादा, कुत्री-मांजरं कशी पडत्याल आभाळातून?"

"पडतात. तसं लिहिलंय. पाठ कर."

"पर म्हंजे काय?"

"विचारू नकोस."

"तुमीच म्हनायचा..."

"मी म्हणायचो ते विसर!" मामा ओरडले. "शांते, मी हात जोडतो. अर्थ बघू नकोस. अर्थ आला की खाली बघ आणि पुढं जा. कुठं थांबू नकोस. तुला परीक्षेत काही कळता कामा नये. कळलं?"

मामी भाकरी थापता थापता थांबल्या. "असं कुनी पोरीला सांगतं व्हय?" म्हणाल्या.

"मी सांगतो," मामा म्हणाले. "मी शिकवलं म्हणून ती नापास झाली. आता मी न शिकवता तिला पास करणार आहे."

वाचून दाखवताना ते शांताकडे पाठ करून बसायचे. तोंडासमोर भिंत. मी एकदा विचारलं, असं का. म्हणाले, "तिच्या चेहऱ्यावर प्रश्न दिसला की मला उत्तर द्यावंसं वाटतं."

ऑक्टोबरची परीक्षा. मामा तिच्याबरोबर केंद्रावर गेले, मी रूथला घेऊन मागून. शाळेच्या कुंपणाबाहेर लिंबाखाली बसलो. एवढ्या ओळखीच्या शाळेत मामांना आत कुणीही खुर्ची दिली असती, पण ते गेले नाहीत. तोंडानं काही पुटपुटत होते. प्रार्थना असेल म्हणून मी मान खाली घातली. मग कान देऊन ऐकलं तर गाईडातलं 'मित्रास पत्र' म्हणत होते. 'आय होप धिस फाइंड्स यू इन द बेस्ट ऑफ हेल्थ.' इथं त्यांना ढास लागली.

घंटा झाली. पोरं बाहेर आली. सगळ्यांत शेवटी शांता. पदर डोक्यावर, हातात पॅड. मामा उभे राहिले, पण पुढं झाले नाहीत. काय आलं होतं, कसं गेलं, काही विचारलं नाही. तीच जवळ येऊन म्हणाली, "दादा, समदं लिवलं. एकबी प्रश्न सोडला न्हाई." जरा थांबून म्हणाली, "काय लिवलं ते ठावं न्हाई."

"बरं झालं," मामा म्हणाले. "बरं झालं, पोरी." आणि लिंबाकडे तोंड फिरवून उगाच टोपी झटकत राहिले.

ती पास झाली. काठावर, पण पास. निकालाचा नंबर मीच कारखान्यातल्या पेपरात शोधला आणि सायकल हाणत गेलो. मामी रडल्या, शांता रूथला कवटाळून बसली. मामा म्हणाले, "चला, कामाला लागा. ट्रंक उतरवा माळ्यावरची." त्या दिवसापासून मी त्यांच्या तोंडून इंग्रजी शब्द ऐकला नाही. शिकवणीला पोरं आली तर म्हणत, "माझा दमा वाढलाय, दुसरीकडे जा." दमा वाढला होताच.

जानेवारीत शांताला जायचं होतं. दवाखान्यात लेकरू चालणार नव्हतं, रूथ आजी-आजोबांजवळ राहणार. स्टँडवर आम्ही सगळे. एसटी आली, मी ट्रंक टपावर चढवली, शांताला खिडकीजवळ जागा मिळाली. तोवर ठीक होतं. कंडक्टरनं घंटी मारली आणि रूथनं जो आकांत मांडला, तो ऐकून एसटीतली माणसंसुद्धा उठून उभी राहिली. शांता आतून गज धरून. नवरा गेल्यापासून तिला मी रडताना पाहिलं नव्हतं, ती आता रडली.

मामा पुढं झाले. खिडकीचा गज दोन्ही हातांनी धरला. मला वाटलं, आता काही बोलतील. बापानं बोलायचं असतं असं काहीतरी. ते म्हणाले, "किल्ली घेतलीस का? ट्रंकेची?"

"घेतली, दादा."

"चोळीत ठेव. पिशवीत नको."

"चोळीतच हाय."

गाडी हलली. मामांनी गज सोडला नाही. गाडीबरोबर चालू लागले, मग पळू लागले. साठीचा दमेकरी माणूस, ठिगळाच्या कोटात, धुळीत. "आणि रात्री डोकं बांधून झोप. आणि... आणि पाणी उकळून..." कंडक्टर दारातून ओरडला, "ओ मास्तर, सोडा की! मरायचंय का?" शांता आतून त्यांची बोटं गजावरून सोडवत होती, एकेक करून. स्टँडच्या फाटकाशी बोटं सुटली.

पहिल्या सुट्टीवर ती आली तेव्हा मामा नव्हते. त्यामुळं तिनं मागच्या काचेतून पाहिलं ते शेवटचं, आणि माझ्याही डोळ्यांपुढं तेच राहिलंय. फाटकात गुडघ्यांवर हात टेकून वाकलेले मामा, श्वास घ्यायला धडपडणारे, एक पाय अनवाणी. आणि रडणं अर्ध्यावर विसरून त्यांच्या मागं धावत आलेली रूथ, धुळीत पडलेली त्यांची वहाण दोन्ही हातांनी छातीशी धरून, ते कधी पाय पुढं करतात याची वाट बघत उभी.